जड सामान

समोरच्या फ्लॅटमध्ये इंटिरियरचं काम चालू होतं तेव्हा दिवसभर कटरचा आवाज यायचा, आणि संध्याकाळी जिन्यात प्लायच्या भुश्शाचा कोरडा, किंचित आंबूस वास साचून राहायचा. येता-जाता मी त्या उघड्या दारात थांबायचे. काम करणारे दोघे भाऊ राजस्थानचे. हॉलच्या मधोमध त्यांचं टेबल होतं. पट्ट्यांचे पाय, तिरके टेकू, वर एकोणीस एमएमचा प्लाय, आणि त्या प्लायला खालून उलटा आवळलेला कटर, त्याचं पातं फटीतून वर आलेलं. त्या टेबलावर सगळं घर उभं राहिलं. ट्रॉल्या, कपाटं, टीव्हीचं युनिट, शेवटी देवघर. टेबलाच्या अंगावर पात्याचे ओरखडे, फेव्हिकॉलचे वाळलेले ओघळ आणि पेन्सिलीने मांडलेली मापं यांची इतकी गर्दी झाली होती की सबंध फ्लॅटचा हिशेब त्यावर वाचता आला असता. शेवटच्या दिवशी गेले तर धाकटा भाऊ टेबलाचे खिळे उपसत होता. वरचा प्लाय त्याने चौकोनात कापला आणि माळ्याच्या तळाला लावला, मापं लिहिलेली बाजू आत. पट्ट्यांचे तुकडे गोणीत गेले. मी काहीतरी विचारलं असणार, कारण तो हसून म्हणाला, "टेबल का क्या है दीदी, अगली साइट पे नया ठोक लेंगे." बरोबरच होतं त्याचं. साइटवर प्लाय असतो, पट्ट्या असतात, तासाभरात टेबल होतं. ते वाहून न्यायला टेम्पोचं भाडं कोण देणार? तरी ते मोडलेलं टेबल माझ्या डोक्यातून जाईना.

एवढ्या वस्तू ज्याच्या जोरावर झाल्या, त्याचंच घर नाही.

आमचाही अकरा महिन्यांचा करार संपत आला होता, म्हणून ते जास्त लागलं असेल. भाड्याच्या घरात राहणारी माणसं वस्तू घेताना एक प्रश्न मनातल्या मनात विचारत असतात: सोडायची वेळ आली तर? त्या प्रश्नाने हळूहळू सगळं घर हलकं होत जातं. प्लॅस्टिकचे कप्पे, घडीची खुर्ची, कापडी कपाट, भुश्शाच्या फळीचा पलंग, जो एकदा खोलला की पुन्हा पहिल्यासारखा आवळला जात नाही, कारण त्या फळीत स्क्रू दुसऱ्यांदा पकड घेत नाही. प्रत्येक वस्तू एकेक करून पाहिली तर समजूतदारपणाने घेतलेली. सगळ्यांत मिळून मात्र घरात पाहुण्यासारखं वाटायला लागतं. मला लाकूडकाम आवडतं, सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत रंधा घेऊन बसणं हे माझं खरं विश्रांतीचं काम. पण रंध्यासाठी जे हवं, ते जड टेबल मी वर्षानुवर्षं टाळलं होतं. "आपलं घर झालं की करू," हे वाक्य घरात इतक्यांदा म्हटलं जायचं की त्याचा अर्थच निघून गेला होता.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. कोयनानगर, पैठण, उजनीजवळचं भीमानगर, अशा धरणांच्या कॉलन्यांमध्ये आमचं लहानपण गेलं. बदलीचा कागद आला की घरात कुणी फार बोलायचं नाही, फक्त पलंगाखालच्या ट्रंका बाहेर यायच्या. सामान बेताचंच असायचं. आईचा पाटा-वरवंटा मात्र सोडून द्यायची गोष्ट कुणी काढू शकत नसे. ट्रक आला की सगळ्यात आधी गोणपाटात गुंडाळलेला पाटा चढायचा, केबिनच्या बाजूला, तळाशी. वरवंटा वेगळा, आईच्या पायाशी. पाट्याला दोन हमाल लागायचे. घरात मिक्सर आला, तरी पाटा आमच्याबरोबर फिरत राहिला. नव्या क्वार्टरमध्ये गेलं की आई पहिल्यांदा स्वयंपाकघराचा कोपरा पाहायची, तिथे पाटा टेकवायची, हाताने दाबून तो डुगडुगतो का बघायची आणि एका बाजूला चिंधी घालून तो स्थिर करायची. पैठणला पाट्याला टाकी लावणारी बाई दारावर यायची. पाट्यावर तिची छिन्नी चालू असताना उडणारी दगडाची पूड आणि त्यानंतर वाटलेल्या पहिल्या चटणीत दाताखाली येणारी बारीक कचकच मला अजून आठवते. इतकी घरं बदलली, भिंतींचे रंग मला एकाही घराचे सांगता येणार नाहीत. पण पाट्यासमोर बसलेल्या आईची पाठ सगळ्या घरांमध्ये सारखीच होती.

मे महिन्यात आजोळी जायचो, वाईजवळ. तिथल्या सुतारमामांकडे पेरणीआधी नांगर-कुळवांची रांग लागलेली असे. त्यांच्याकडे टेबल नव्हतंच. जमिनीत पुरलेला एक ओंडका, त्याच्यापुढे मांडी मोडून बसलेले मामा, आणि लाकूड धरायला त्यांच्या पायांची बोटं. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत ते बाभळीची पट्टी अशी धरत की वाकसाचा घाव बसला तरी ती हलत नसे. आपल्याकडच्या सुतारांनी शतकानुशतकं असंच काम केलं. अंगच टेबल, त्यामुळे दुसरं काही वाहायचं नाही. हत्यारांची पिशवी खांद्याला लावली की या गावातून त्या गावात. नांगराला हळस, म्हणजे त्याची लांब दांडी, पाचर मारून जोडत, आणि नांगरट खोल हवी की उथळ, तेही पाचर मागेपुढे करून जमवत. मला मामा शेवटचे दोन ठोके मारू द्यायचे. "आवाज ऐक पोरी," म्हणायचे. सैल पाचरीचा आवाज पसरट येतो. ती बसत गेली की आवाज चढत जातो, आणि एका क्षणी तो असा घट्ट, कोरडा होतो की पुढचा ठोका मारायचा नाही हे हाताला आपोआप कळतं. नांगर काम संपलं की सुटा होऊन माळ्यावर जायचा, पुढच्या वर्षी पुन्हा जोडला जायचा. सुटतो म्हणून त्याला कुणी कच्चा म्हणत नव्हतं.

माझं शिकणं शहरात झालं, उभं राहून काम करण्याच्या पद्धतीने, आणि बोटांची ती चिमटी माझ्या पायात नाही. उभ्याने रंधा मारायचा तर टेबलाकडून एक फार कठीण अपेक्षा असते. वजन पेलणं सोपं आहे. चार काठ्यासुद्धा वजन पेलतात. रंधा मात्र टेबलाला आडवा ढकलतो, पुन्हा पुन्हा, एकाच दिशेला, अंगाच्या सगळ्या जोराने. जेवणाच्या टेबलावर रंधा मारून पाहा, टेबल खोलीभर चालायला लागतं, आणि चाललं नाही तर सांध्यात डोलायला लागतं. डोलणाऱ्या टेबलावर रंधा नीट लागत नाही, कारण पातं लाकडाला भिडायच्या क्षणी लाकूड मागे सरकलेलं असतं. सोलपट निघायच्या ऐवजी चुरा निघतो. म्हणजे टेबलाला दोन गोष्टी हव्यात, वजन आणि आडव्या जोराला न हलणारे सांधे. आणि मला तर हे सगळं सुटं होणारं हवं होतं, लिफ्टमध्ये मावणारं, एका माणसाने एक भाग उचलावा इतकंच जड.

१७६९ पासून ज्याचा सुतारकामावरचा मोठा ग्रंथ निघू लागला, त्या आंद्रे-जाकोब रुबो या फ्रेंच सुताराचं टेबल जगभरचे लाकूडकामवाले आदर्श मानतात: पाच-सहा इंच जाडीची एकसंध फळी, तिच्यात आरपार बसवलेले पाय. ते टेबल एकदा जिथे उभं राहिलं तिथेच राहायचं. पॅरिसमधल्या कायमच्या कारखान्याचं ते टेबल, त्याला घर बदलायचं नव्हतं. माझ्या जवळचं उदाहरण निघालं अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात. तिथे सेलम हे गाव १७६६ साली मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या जर्मन बोलणाऱ्या लोकांनी वसवलं. धर्मासाठी देश सोडलेली, पुन्हा पुन्हा नव्या जागी वस्ती करणारी ही माणसं. त्यांच्या सुतारांचं एक जुनं टेबल तिथल्या संग्रहालयात आहे, ज्याचे पाय आणि लांब आडव्या पट्ट्या नुसत्या पाचरींनी जोडलेल्या आहेत. फळी वर ठेवलेली, पुढच्या बाजूला जाड, मागे हत्यारांसाठी हलकं खोलगट ताट. पाचरी ठोकून काढल्या की सगळं टेबल सुटं. त्याचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला सुतारमामांचा नांगरच दिसला. ज्यांना उद्या कुठे असू याची खात्री नव्हती त्यांनी आपलं टेबल हलकं केलं नाही, सुटणारं केलं. मला हवं होतं ते नेमकं हेच.

लाकूड शोधायला टिंबर मार्केटमध्ये गेले. नवं सागवान घनफुटाच्या भावाने ऐकल्यावर परवडेना, पण जुन्या लाकडाचा व्यवहार करणाऱ्या एका वखारीत वाड्याच्या तुळया पडलेल्या होत्या. वरून धूर आणि वयाने काळ्या, अंगावर चुन्याचे पांढरे डाग, एका टोकाला कडीपाटाच्या कड्या बसायच्या त्या खाचा. कुठल्या पेठेतला वाडा, मालकालाही ठाऊक नव्हतं. घ्यावी की नाही, मन दोन्हीकडे ओढत राहिलं. कुणाच्या तरी माजघरावरचं छप्पर उतरवून माझं टेबल होणार होतं. पण ती तुळई मी नेली नसती तर दुसरं कुणी नेऊन तिचं हॉटेलचं दार केलं असतं, किंवा ती पावसात कुजली असती. घेतली. लोहचुंबक फिरवून खिळे शोधले, कारण एक राहून गेलेला खिळा आरा मशीनच्या पात्याचे दात घालवतो आणि मग मशीनवाला पुन्हा आपलं लाकूड घेत नाही. घडवलेले चौकोनी खिळे निघाले, डोकी हाताने चपटी केलेली. मग तुळई आऱ्यावर चढली आणि पहिली चीर गेली तेव्हा आतून सोनेरी-तपकिरी लाकूड उघडलं, आणि तेलकट, चामड्यासारखा, थोडा औषधी असा सागवानाचा वास त्या सगळ्या शेडमध्ये पसरला. इतकी वर्षं तो वास आत तसाच होता.

पाय आणि आडव्या पट्ट्या बाभळीच्या केल्या, आजोळच्या आरा मशीनवरून आणलेल्या. बाभूळ हत्याराला छळते, पटाशीला दर थोड्या वेळाने धार मागते. पण बैलगाडीच्या चाकाला आणि नांगराला जे लाकूड लोकांनी पिढ्यान् पिढ्या वापरलं ते उगाच नाही. ती चिवट आहे, आणि जड आहे, आणि इथे मला वजन हवंच होतं.

रचना अशी. दोन बाजूंना दोन चौकटी, प्रत्येकीत दोन पाय आणि वर-खाली दोन आडवी लाकडं. या चौकटी कायमच्या, कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला कापून काढलेली जीभ, भोकात बसवून फेव्हिकॉल लावून वर लाकडी खुंटी मारलेल्या. त्या कधी सुटत नाहीत, आणि सुटायची गरजही नाही, कारण एक चौकट तेरा-चौदा किलोची, काखेत मारून नेता येते. दोन चौकटींना जोडणाऱ्या दोन लांब पट्ट्या सहा इंच उंचीच्या. पट्टीच्या टोकाचं कुसू पायातून आरपार जाऊन पलीकडे चार इंच बाहेर येतं, आणि त्या बाहेर आलेल्या भागात पाचरीचं भोक. वर सागवानाच्या दोन फळ्या, पाच फूट लांब, नऊ इंच रुंद, तीन इंच जाड, प्रत्येकी सतरा-अठरा किलोच्या. त्या चौकटींवरच्या खुंट्यांवर फक्त बसतात. पुढच्या खुंटीचं भोक गोल आणि घट्ट, मागच्या खुंटीचं लांबट, कारण पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिला सरकायला जागा ठेवावी लागते. लांबीत ती जवळजवळ बदलत नाही. उंची हात सोडून उभं राहिल्यावर मनगटाच्या हाडाला लागेल इतकी, माझ्यासाठी तेहेतीस इंच. सगळं मिळून पाऊणशे किलोच्या आसपास.

पाचरीच्या भोकाबद्दल मात्र जरा थांबून सांगायलाच हवं, कारण सगळं टेबल त्या एका भोकावर उभं आहे. पाहणाऱ्याला वाटतं की भोक पायाच्या बाहेरच्या अंगापासून सुरू होत असेल. तसं केलं तर पाचर दिसायला छान बसते आणि काम काहीच करत नाही. भोकाची आतली कड पायाच्या जाडीत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आत गेलेली असावी लागते. मग पाचर त्या आतल्या कडेला कधी टेकतच नाही. ती एका अंगाने पायावर दाबते आणि दुसऱ्या अंगाने भोकाच्या बाहेरच्या भिंतीवर, आणि जशी खाली उतरते तशी सबंध पट्टी स्वतःकडे ओढून घेते. पट्टीच्या टोकाची कुसवाभोवतालची सपाट कड पायाच्या आतल्या अंगाला भिडते, आवळते, आणि टेबल डोलायचं थांबतं ते त्या भिडण्यामुळे. पट्टी सहा इंच उंच ठेवायची ती याचसाठी, जितकी उंच कड तितका आडव्या जोराला विरोध जास्त. पाचरीचा उतार आठास एक ठेवला. जास्त तिरकी केली तर ठोक्यांनी वर उडते, कमी केली तर काढताना रडवते. भोकाच्या पलीकडे कुसवाचं दोन इंच लाकूड शिल्लक ठेवलं, नाहीतर पाचर आवळताना ते टोकच फाटून बाहेर येतं. पाचरी वरून खाली मारायच्या, म्हणजे कामाच्या हादऱ्याने त्या सैल न होता उलट खाली बसत जातात. या चार पाचरींसाठी शिसवाचे तुकडे मिळाले, काळेभोर. जुन्या वाड्यांच्या सुतारांप्रमाणे प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पटाशीने खुणा केल्या, एक रेघ, दोन रेघा, तीन, चार. हाताने केलेला प्रत्येक सांधा फक्त आपल्या जोडीदारालाच ओळखतो.

नट-बोल्ट सोपे पडले असते, हे मला बऱ्याच जणांनी सांगितलं, आणि ते वाईट नाहीत. ज्याच्याकडे पटाशी चालवायला वेळ नाही त्याने खुशाल अर्धा इंची बोल्ट वापरावेत, टेबल तितकंच भक्कम होईल. पण लाकूड आकसलं की नट सैल होतो, पाना शोधावा लागतो, आणि घर बदलताना सगळ्यात आधी हरवते ती नट-वॉशरची पिशवी. पाचरीला एक मोगरी, लाकडी हातोडी, पुरते, आणि हरवलीच तर दुसरी पाचर संध्याकाळपर्यंत करता येते. पाचरीची अडचण एकच, बाहेर आलेली कुसवं नडगीला लागतात. त्यांच्या कडा मी गोल करून घेतल्या.

घर बदललं त्या दिवशी सामान हलवणाऱ्यांपैकी एकाने टेबल हाताने ढकलून पाहिलं आणि मान हलवली. मी मोगरी घेतली आणि चारही पाचरींना खालून एकेक ठोका दिला. त्या सुटल्या. फळ्या उचलल्या, पट्ट्या ओढून काढल्या, चौकटी वेगळ्या झाल्या. तो माणूस बसून खुणा पाहू लागला, रेघांवरून बोट फिरवत. "घर का कोई बढ़ई है क्या?" त्याने विचारलं. "मीच," म्हटलं. मग त्याने फळी स्वतः खांद्यावर घेतली आणि बाकीच्यांना चौकटी कशा धरायच्या ते सांगितलं. लिफ्टमध्ये फळ्या उभ्या राहिल्या, वर छताला जागा ठेवून. टेम्पोत त्या सगळ्यात तळाला गेल्या, केबिनच्या बाजूला. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, जड सामान तिथेच जातं. नव्या घरी बाल्कनीच्या फरशीला पाण्यासाठी उतार आहे. टेबल जोडलं तर एक पाय किंचित अधांतरी राहिला, त्याखाली सागवानाची पातळ चकती सारली, मग दोन्ही हातांनी फळी दाबून पाहिली.

हे सगळं निखळ आनंदाचंच आहे असंही नाही. दर वेळी सोडून जोडताना कडा थोड्या बोथट होतात, पाचर आधीपेक्षा केसभर खाली जाते, आणि कधीतरी ती बदलावी लागणारच. कुठल्याही सुटणाऱ्या सांध्याचं आयुष्य असं झिजतच जातं. रात्री झोप येत नाही तेव्हा कधी वाटतं, समोरच्या फ्लॅटमधल्या त्या दोघा भावांचं बरं. पुढच्या साइटवर हात हलवत जायचं, जे लागेल ते तिथे ठोकायचं. त्यांचं कौशल्य हातात आहे, सुतारमामांचं पायांच्या बोटांत होतं, मला मात्र ते पाऊणशे किलो लाकडात ठेवावं लागतं. पण सकाळी त्या फळीवर हात ठेवला की तिचा गारवा आणि न हलणं तळव्यातून वर येतं. या शहरात माझ्या नावावर भिंत नाही, तरी अंगाचा सगळा भार टाकून ढकलावं आणि मागे सरकू नये अशी एक जागा आहे. ती मी केलेली आहे, आणि करार कुणाचाही संपला तरी ती माझ्याबरोबर येते. हे मला फार मोठं वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हलायचं आहे. या वेळी जुन्या बिल्डिंगमध्ये तिसरा मजला, लिफ्ट नाही. टेपने जिना मोजून आले. वळणावर कठडा आत आलेला आहे, तिथे पाच फुटी फळी आडवी निघणार नाही, उभी करून कठड्यावरून फिरवावी लागेल, दोन माणसं खाली आणि एक वर. चौकटींचा प्रश्न नाही. त्याआधी पुढच्या डाव्या पायाला लाकूड आवळून धरणारा, लाकडी आट्यांचा व्हाइस बसवायचा आहे, तोही पाचरीवर सुटणारा. आटे पाडायला बाभूळ चालेल की शिसवच घ्यावं, यावर आजोळच्या आरा मशीनवाल्याशी फोनवर रोज बोलणं चालू आहे. त्याचं मत बाभळीच्या बाजूने पडतंय.